संतचरित्र आणि स्थळ : ब्रिटनी, साष्टी आणि श्रीरंगपट्टण

१

म्हैसूर शहरातील संत फिलोमिना हिचे देवालय तेथील राजवाड्याइतकेच प्रसिद्ध आहे. १९३३ साली कृष्णराज वडियार (चौथे) यांच्या कारकीर्दीत त्याची पायाभरणी झाली. त्याच्या दोन उंच मनोऱ्यांची धाटणी युरोपातील गॉथिक शैलीची आहे आणि तळघरात संत फिलोमिनेचा अवशेष जतन केलेला आहे. ज्या संत स्त्रीच्या नावाने हे देवालय उभे आहे तिच्याविषयीची ऐतिहासिक माहिती मात्र जवळजवळ शून्य आहे. १८०२ साली रोममधील प्रिसिला नावाच्या भूमिगत दफनस्थानात एक कबर सापडली. तिच्यावरील फरश्यांचा क्रम विस्कळीत झालेला होता. तो जुळवल्यावर एक नाव वाचता आले आणि त्या नावाभोवती पुढे कथा उभी राहिली. १९६१ मध्ये चर्चने आपल्या पूजापंचांगातून हे नाव वगळले. पण म्हैसूरच्या देवालयात येणाऱ्या भाविकांच्या संख्येवर त्याचा परिणाम झाल्याचे दिसत नाही. या भाविकांत ख्रिस्ती नसलेले लोकही पुष्कळ असतात.

संतपूजा आणि संतचरित्र यांच्या अभ्यासकाला या उदाहरणातून एक प्रश्न मिळतो. संताचे जीवन इतिहासाच्या कसोटीवर टिकणारे असो वा नसो, त्याला लोकमानसात स्थान मिळते ते कशाच्या आधारावर? आणि ज्या मिशनऱ्यांनी हे संत नव्या प्रदेशात, नव्या भाषेत आणले, त्यांच्या लेखनाकडे त्या भाषेच्या वाङ्मयेतिहासाने कोणत्या दृष्टीने पाहावे? मराठीपुरते बोलायचे तर हा प्रश्न सतराव्या शतकातील गोव्याच्या साष्टी प्रांतात निर्माण झालेल्या पुराणांचा आहे. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. एत्येन द ला क्रुआ याचे संत पीटरविषयीचे पुराण आणि आंतोनियु द साल्दान्य याची संत आंतोनीची जीवित्वकथा ही त्यामागून आलेली आणि फारच थोड्यांनी वाचलेली.

या लेखनाचा विचार मराठीत बहुधा दोन टोकांवरून झाला आहे. एका बाजूला, परदेशी धर्मगुरूने मराठी भाषेची केलेली स्तुती एवढ्याच कारणाने ‘ख्रिस्तपुराणा’चा गौरव होतो आणि क्रमिक पुस्तकातील त्या थोड्या ओव्यांपुरताच हा ग्रंथ ओळखीचा राहतो. दुसऱ्या बाजूला, हे लेखन धर्मप्रसाराचे साधन होते एवढे म्हणून त्याला वाङ्मयाच्या कक्षेबाहेर ठेवले जाते. या दोन्ही भूमिकांत ग्रंथ वाचला जात नाही, हे त्यांचे समान वैगुण्य होय. तुलनेसाठी त्याच काळातील, त्याच धर्मसंघाच्या प्रेरणेने घडलेले दुसरे एखादे उदाहरण समोर ठेवले, तर या पुराणांचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनी या द्वीपकल्पाचा इतिहास असे उदाहरण पुरवतो.

२

ब्रिटनीची भाषा ब्रेटन. ती फ्रेंचची बोली नव्हे, तर वेल्श आणि कॉर्निश यांच्या कुळातील केल्टिक भाषा आहे. पाचव्या-सहाव्या शतकांत ब्रिटन बेटाच्या नैऋत्य भागातून समुद्र ओलांडून आलेल्या लोकांनी ती तेथे नेली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे साधुपुरुषही आले, असे परंपरा मानते. सॅमसन, मालो, ब्रियक, तुगदुआल, पोल, कोरेंतँ आणि पातेर्न हे ब्रिटनीचे सात संस्थापक संत. त्यांच्या सात धर्मपीठांना पायी प्रदक्षिणा घालण्याची प्रथा मध्ययुगात रूढ होती. ‘त्रो ब्रेझ’, म्हणजे ब्रिटनीची फेरी, या नावाने ती अलीकडे पुन्हा सुरू झाली आहे. वारीची परंपरा जाणणाऱ्या मराठी वाचकाला या चालण्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. संताचे गाव पायांखाली आल्याशिवाय संत पुरता कळत नाही, अशी ही श्रद्धा आहे.

या संतांची चरित्रे प्रथम लॅटिनमध्ये लिहिली गेली. संत सॅमसनचे चरित्र त्यांत फार जुने मानले जाते. नवव्या शतकात लांदेव्हेनेक मठाच्या व्रदिस्तेन याने संत ग्वेनोले याचे, तर बिली याने संत मालोचे चरित्र रचले. या चरित्रांत समुद्र ओलांडणे, सर्पाला वश करणे, झऱ्यातील माशाचा तुकडा रोज कापून घेतला तरी तो मासा पुन्हा अखंड होणे असे प्रसंग येतात. विशेष हे, की असा प्रत्येक प्रसंग एखाद्या ठिकाणाशी बांधलेला असतो : हा झरा, ही शिळा, हे बेट. ब्रिटनीतील असंख्य गावांची नावे ‘प्लू’ किंवा ‘लान’ या शब्दांनी सुरू होतात. पहिल्याचा अर्थ धर्मग्राम, दुसऱ्याचा साधूचे पवित्र स्थान. आणि पुढे पुष्कळदा त्या साधूचेच नाव. यांतील बहुतेक संतांना रोमने कधी रीतसर संतपद दिलेले नाही. वकील आणि धर्मगुरू असलेल्या संत ईव्हला १३४७ साली ते मिळाले, तो अपवादच. बाकीच्यांना संतपद दिले ते गावांनी.

सतराव्या शतकात ब्रिटनीत जी मिशनरी चळवळ झाली ती या भूमीवर. मिशेल ल नोब्लेझ (१५७७–१६५२) हा तिचा प्रवर्तक. लोक ख्रिस्ती होते, पण शिकवण त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती. ल नोब्लेझने कातड्यावर रंगवलेली चित्रे वापरली, लोकांना ठाऊक असलेल्या चालींवर ब्रेटन भाषेत गीते रचली आणि चित्रांचे विवरण करण्याचे काम कित्येकदा सामान्य स्त्रियांवर सोपवले. स्थानिक धर्माधिकाऱ्यांना हे रुचले नाही. पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेची आठवण करून देणारी ही पद्धत आहे. एक चित्र समोर धरायचे आणि त्याभोवती गात, सांगत कथा फुलवायची. त्याचा वारसदार जूल्यँ मोन्वार (१६०६–१६८३) हा जेझुइट. तो जन्माने ब्रेटनभाषी नव्हता. त्याने ती भाषा शिकून घेतली आणि चाळीसहून अधिक वर्षे खेडोपाडी मोहिमा केल्या. १६५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात धर्मशिक्षणाबरोबर ब्रेटनचा कोश आणि व्याकरण आले. ब्रेटनमध्ये शब्दारंभीच्या व्यंजनांत जे बदल होतात ते लेखनात दाखवण्याची पद्धत त्याच्यामुळे रूढ झाली. याच सुमारास, १६३७ च्या आसपास, आल्बेर ल ग्राँ या डॉमिनिकन साधूने ब्रिटनीतील संतांच्या चरित्रांचा मोठा संग्रह काढला. तो फ्रेंचमध्ये होता. पुढे १७२५ मध्ये दों लोबिनो याने त्याच विषयावर ग्रंथ लिहिताना चमत्कारांना कात्री लावली. पण लोकांच्या तोंडी राहिले ते चमत्कारच.

३

आता साष्टीकडे वळले असता काळाचे साम्य लक्ष वेधून घेते. थॉमस स्टीफन्स सुमारे १५४९ मध्ये इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात जन्मला, १५७५ साली रोममध्ये येशूसंघात दाखल झाला आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला. त्यानंतर १६१९ साली मृत्यू येईपर्यंत त्याचे जवळजवळ सारे आयुष्य साष्टीत गेले. १६१६ मध्ये रायतूर येथे त्याचे पुराण छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा निघाले. त्याची कोंकणीतील ‘दौत्रीन’ १६२२ साली आणि कोंकणीचे व्याकरण १६४० साली, म्हणजे दोन्ही त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. द ला क्रुआ हा फ्रेंच जेझुइट १६०२ मध्ये गोव्यात आला. त्याच्या पीटर-पुराणाचे मुद्रण १६२९ पासून झाले. साल्दान्यची संत आंतोनीची कथा १६५५ ची. मिगेल द आल्मैद याचे कोंकणी गद्यातील ‘वनवाळ्यांचो मळो’ १६५८-५९ चे, म्हणजे मोन्वारचे ब्रेटन व्याकरण निघाले त्याच सुमाराचे. एकाच धर्मसंघाचे लोक, एकाच पिढीत, युरोपच्या एका टोकाला ब्रेटन आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर कोंकणी व मराठी लिहीत होते. लोकभाषा शिकणे, तिचे व्याकरण बांधणे, तिच्यात गीत-कथा रचणे ही कार्यपद्धतीही एकच.

पण परिस्थिती मुळातच वेगळी होती आणि हा भेद नजरेआड केल्यास तुलना निरर्थक होईल. ल नोब्लेझ आणि मोन्वार ज्या गावांत गेले तेथे संत आधीच घरचे झालेले होते. मिशनऱ्याने त्या संतांच्या छायेत उभे राहून शिकवण दिली. साष्टीत १५६७ च्या सुमारास देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, नदीपलीकडे मुसलमानी अंमलाखालील मुलखात, हलवावी लागली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झालेली होती. १५८३ साली कुंकळ्ळीत गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले. त्यांत अकबराच्या दरबारी राहून आलेला रोदोल्फो आक्वाव्हीव्हा होता. नंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांना असोळणे येथे बोलावून विश्वासघाताने मारले. १८९३ मध्ये त्या पाच जेझुइटांना चर्चने धन्य घोषित केले. गावकऱ्यांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. स्टीफन्सच्या पुराणाची भूमी ही अशी होती. ब्रिटनीत गावाचे नाव आणि संताचे नाव एक झालेले होते. साष्टीत गावाचे दैवत गावाबाहेर गेलेले होते.

‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीचा प्रसंग याच पोकळीतून निर्माण झालेला आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे वाचण्यास तुम्ही मनाई केली, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? हा प्रश्न काव्याची प्रस्तावना म्हणून योजलेला असेल. तरी त्यात एक ऐतिहासिक सत्य आहे. नवख्रिस्ती समाजाला तत्त्वांची उणीव भासत नव्हती. ती शिकवणाऱ्या प्रश्नोत्तरी होत्याच. उणीव होती ती ऐकण्याच्या ग्रंथाची. साष्टीत पुराणश्रवणाची परंपरा आधीपासून भक्कम होती. केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ साली श्रीकृष्णचरित्रावर मराठी काव्य रचायला घेतले होते. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात गोव्यातील जुन्या मराठी कथाकाव्यांची रोमन लिपीतील हस्तलिखिते आहेत. ती जपणारे हातही बहुधा त्या कथांचे खंडन करू पाहणाऱ्यांचेच असावेत. साष्टीची बोली कोंकणी आणि पुराणाची भाषा मराठी, हा व्यवहार स्टीफन्सने निर्माण केला नाही. तो त्याने स्वीकारला. म्हणूनच शिकवणीसाठी त्याने कोंकणी वापरली आणि पुराणासाठी मराठी. त्या मराठीत कोंकणी शब्द त्याने जाणीवपूर्वक मिसळले, कारण श्रोत्याला अर्थ कळणे त्याला महत्त्वाचे वाटत होते. मराठी-कोंकणी वादाच्या आवेशात या साध्या वस्तुस्थितीकडे दोन्ही पक्षांचे दुर्लक्ष झाले आहे.

४

पुराण म्हणून पाहता ‘ख्रिस्तपुराणा’ची रचना विचारपूर्वक केलेली आहे. पहिल्या पुराणात ३६ अवस्वरू आणि ४१८१ ओव्या, दुसऱ्यात ५९ अवस्वरू आणि ६७८१ ओव्या, एकूण १०,९६२. पहिल्यात सृष्टीची उत्पत्ती, मानवाचे पतन आणि तारकाची प्रतीक्षा. दुसऱ्यात ख्रिस्ताचे जीवन. सृष्टीपासून अवतरणापर्यंतचा हा विस्तार पुराणाच्या श्रोत्याला ओळखीचा होता. स्वर्गासाठी वैकुंठ, ईश्वरासाठी परमेश्वर असे शब्द स्टीफन्स संकोच न करता वापरतो; मात्र संस्कारविधींसारख्या नाजूक ठिकाणी युरोपीय शब्द तसेच ठेवतो. हे दोन स्तर जेथे शेजारी येतात तेथे भाषेत एक ताण निर्माण होतो. हा ताण म्हणजे दोष, असे मानण्याची घाई करू नये. ज्या श्रोत्यासाठी हा ग्रंथ होता त्याच्या मनातही हेच दोन स्तर शेजारी होते.

या संदर्भात या ग्रंथाच्या दोन पाठपरंपरांचा विचार उद्‌बोधक ठरतो. १९०७ मध्ये मंगळूर येथे जोसेफ साल्दान्य यांनी रोमन लिपीत जी आवृत्ती काढली तिच्यात पोर्तुगीज शब्द आहेत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांना लंडनमध्ये विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात एक देवनागरी पोथी आढळली. तिच्यात ‘आदिपुराण’ व ‘देवपुराण’ अशी नावे आहेत आणि पोर्तुगीज शब्दांच्या जागी पुष्कळदा संस्कृत शब्द आहेत. त्यांपैकी मूळ रूप कोणते, याचा निर्णय सोपा नाही. परंतु एकाच ग्रंथाला दोन प्रकारच्या श्रोत्यांनी आपलेसे केले होते एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. अ‍ॅबट यांचेच दुसरे कार्य महिपतीच्या संतचरित्रांच्या इंग्रजी भाषांतराचे आहे, हा योगायोगही लक्षणीय आहे. ज्या मिशनऱ्याने ‘भक्तविजया’चा परिचय इंग्रजी वाचकाला करून दिला, त्यालाच ‘ख्रिस्तपुराणा’ची देवनागरी पोथी सापडावी, यात दोन परंपरांची गाठ पडते. त्यानंतर शांताराम बंडेलू (१९५६) आणि कारिदाद द्रागो (१९९६) यांच्या देवनागरी आवृत्त्यांमुळे हा ग्रंथ मराठी वाचकाला उपलब्ध झाला.

स्टीफन्सनंतरच्या दोघांकडे पाहता स्वर बदललेला जाणवतो. द ला क्रुआने नायक म्हणून संत पीटरची निवड केली, ती केवळ भक्तीपोटी नव्हे. पीटर म्हणजे रोमच्या चर्चची सत्ता. त्या पुराणाच्या पोर्तुगीज शीर्षकातच स्थानिक धर्मातील प्रमुख प्रमादांचे खंडन हा हेतू नोंदवलेला आहे. हे खंडन करण्यासाठी कवीला हिंदू पुराणकथांचा बारकाईने अभ्यास करावा लागला. परिणामी त्याच्या ग्रंथात त्या कथा जागोजाग येतात. निषेधासाठी का होईना, पण सांगितलेली कथा ही कथाच असते, आणि ऐकणारा तीतून कवीला हवे तेवढेच उचलील याची हमी कोणी देऊ शकत नाही. स्टीफन्स श्रोत्याची उणीव भरून काढू पाहतो, तर द ला क्रुआ श्रोत्याशी वाद घालतो; म्हणून त्याचे संतचरित्र वारंवार थांबते आणि चरित्रनायक मागे पडतो.

साल्दान्यच्या नायकाची जात आणखी वेगळी. पदुआचा आंतोनी हा चमत्कारांचा, हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्याचा, घरगुती संकटांत धावून येणाऱ्याचा संत. त्याच्या कथेत वादाला वाव कमी. मराठी पद्य आणि कोंकणी गद्य ही दोन्ही माध्यमे साल्दान्य हाताळतो. शीर्षकात तो ‘सांतु’ हा आपल्या परंपरेतला शब्द ठेवतो, मराठीतला ‘संत’ घेत नाही. दोन शब्द ध्वनीने इतके जवळ, पण ‘संत’ हा ‘सत्’ या धातुसाधितापासून आलेला आणि ‘सांतु’ लॅटिनमधील पवित्रवाचक शब्दापासून. मराठीचा संत ज्ञानदेव-नामदेवांसारखा आधी बोलणारा, रचणारा. त्याच्या चरित्राचे मूळ त्याच्या वाणीत असते. नामदेवाने ज्ञानदेवाची समाधी गायिली आणि महिपतीने १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ रचला, तेव्हा श्रोत्याच्या कानांत त्या संतांचे अभंग आधीच होते. साल्दान्यच्या सांतुचे बोल श्रोत्याला ठाऊक नाहीत. ठाऊक व्हायची आहेत ती त्याची कृत्ये. मराठी संतचरित्र आणि ख्रिस्ती संतकथा यांच्यातला हा भेद मूलभूत आहे. केवळ चमत्कारांचे साम्य दाखवून तो पुसता येत नाही.

याहून मोठी उणीव स्थळाची. आळंदी, देहू, पैठण, मंगळवेढे ही नावे उच्चारताच मराठी संत डोळ्यांपुढे उभा राहतो, तसेच ब्रिटनीत लोक्रोनान म्हणताच संत रोनान उभा राहतो. साष्टीच्या या पुराणांत मात्र जेरुसलेम आहे, रोम आहे, पदुआ आहे. मडगाव येते ते प्रश्न विचारण्यापुरते. फ्रान्सिस झेवियरचा देह गोव्यात होता आणि १६२२ मध्ये त्याला संतपद मिळाले होते. तरीही या तीन मोठ्या काव्यांपैकी एकाही कवीने त्याला नायक केले नाही. आपल्या श्रोत्याच्या भूमीवर चाललेला संत या पुराणांना लाभला नाही. वाङ्मयीन दृष्टीने ही त्यांची मर्यादा म्हटली पाहिजे.

५

पण ग्रंथाचे जीवन तो लिहिला गेला तेथे संपत नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज विजरईने हुकूम काढून गोव्यातील लोकांनी स्थानिक भाषा सोडावी आणि तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी, असे फर्मावले. ज्या भाषांची व्याकरणे पूर्वीच्या पिढीने बांधली, त्या पुढच्या पिढीला अडसर वाटू लागल्या. ब्रिटनीतही हे घडले, मात्र उशिरा आणि वेगळ्या हातांनी. १९०२ मध्ये फ्रान्सच्या धर्मनिरपेक्ष शासनाने चर्चमधील प्रवचन व धर्मशिक्षण ब्रेटनमध्ये देण्यास मनाई केली, आणि शाळेत ब्रेटन बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात अपमानाची खूण अडकवली जात असे. गोव्यात धर्म पसरवणाऱ्या राज्याने लोकभाषा दाबली, तर फ्रान्समध्ये धर्माशी भांडणाऱ्या राज्याने. राज्यसत्ता आणि लोकभाषा यांच्यातील संबंध धर्माच्या बाजू बदलल्या तरी फारसे बदलत नाहीत, हा निष्कर्ष येथे अटळ ठरतो.

‘ख्रिस्तपुराणा’च्या सतराव्या शतकातील तीन मुद्रणांपैकी एकाचीही प्रत आज हाती नाही. ग्रंथ टिकला तो गोव्याबाहेर. सोळाव्या ते अठराव्या शतकांत इन्क्विझिशनचा जाच, कर, दुष्काळ आणि लढाया यांना कंटाळून कोंकणी बोलणारी अनेक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेला कानडा प्रांतात उतरली. त्यांनी हातांनी नकलून घेतलेल्या पोथ्यांतून पुराण जिवंत राहिले. चर्चच्या न्यायासनाला भिऊन पळालेल्या लोकांनी चर्चच्या धर्मगुरूचे पुराण काखेत घेऊन जावे, ही विसंगती वरवरची आहे. त्यांच्या दृष्टीने हे पुराण धर्मसत्तेचे राहिलेले नव्हते. ते घरचे झाले होते.

याच समाजावर १७८४ मध्ये मोठे संकट कोसळले. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात इंग्रजांना साहाय्य केल्याच्या संशयावरून टिपू सुलतानाने कानड्यातील ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणला, म्हणजे म्हैसूरपासून अवघ्या चार-पाच कोसांवर, नेले. त्यांच्या संख्येविषयी मतभेद आहेत; ती हजारांनी मोजावी लागते, याविषयी नाहीत. पुष्कळ वाटेत आणि बंदिवासात मेले, पुष्कळांना धर्मांतर करावे लागले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले तेव्हा उरलेले परतले. या पंधरा वर्षांत पाद्री नव्हते, देवालय नव्हते. त्या काळात पुराणाच्या ओव्यांनी श्रद्धा टिकवून धरली, असे मंगळूरच्या ख्रिस्ती परंपरेत सांगितले जाते. परंपरेच्या साक्षीला कागदाचा पुरावा मागणे योग्यच. पण ओवी पाठ असली की पोथीची गरज नसते, हे मराठी मुलखात कोणालाही पटवून देण्याची आवश्यकता नाही.

श्रीरंगपट्टणच्या पतनानंतर तेथील विस्कटलेल्या ख्रिस्ती समाजाची घडी बसवण्यासाठी आबे द्युबुआ हा फ्रेंच मिशनरी म्हैसूर राज्यात आला. हिंदूंच्या चालीरीतींवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. तीसहून अधिक वर्षे भारतात काढून १८२३ साली तो परतला, तेव्हा या देशात ख्रिस्ती धर्माला भवितव्य नाही असे मत त्याने स्पष्टपणे मांडले. द्युबुआने समाज बाहेरून पाहिला आणि अचूक नोंदला; त्याच्या निरीक्षणांचे मोल आजही आहे. परंतु ज्या माणसांची व्यवस्था लावण्यासाठी तो आला होता त्यांच्या ओठी काय होते, याकडे त्याचे लक्ष असल्याचे त्याच्या निष्कर्षावरून दिसत नाही. धर्म रुजला किंवा नाही हे त्याने अनुयायांच्या संख्येवरून आणि आचारावरून ठरवले. गाण्यावरून ठरवले असते तर कदाचित उत्तर वेगळे आले असते.

६

या सर्व विवेचनातून ‘ख्रिस्तपुराणा’विषयी दोन गोष्टी एकाच वेळी म्हणणे भाग पडते आणि त्यांपैकी एकीला दुसरीने खोडता येत नाही. हे पुराण ज्या पोकळीत उभे राहिले ती बळजबरीने निर्माण केलेली होती. जुनी पुराणे गेली नसती तर ब्राह्मणाने ते मागितले नसते. त्याच वेळी, ते ज्यांच्यासाठी लिहिले गेले त्यांच्या वंशजांनी ते लादलेले म्हणून नव्हे तर आपले म्हणून जपले, नकलले, गायिले. पहिल्या गोष्टीचा विसर पडला की समीक्षा स्तुतिपाठ होते. दुसरीचा विसर पडला की ती केवळ अभियोग होते. मराठी वाङ्मयेतिहासाने आजवर या ग्रंथाला ‘ख्रिस्ती मराठी वाङ्मय’ अशा स्वतंत्र दालनात ठेवून दोन्ही जबाबदाऱ्या टाळल्या आहेत. कृष्णदास शामाच्या शेजारी, त्याच साष्टीतील ओवीपरंपरेत, त्याचे वाचन झाले पाहिजे. आणि द ला क्रुआ व साल्दान्य यांच्या रचनाही त्यांच्या उणिवांसह अभ्यासक्रमात आल्या पाहिजेत. पुढे नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले आणि त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी ते पूर्णत्वास नेले, तेव्हा पोकळी नव्हती. तुकाराम हाताशी होता. २०२० मध्ये उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आले, तेव्हाही त्यांचे मराठीपण वसईच्या मातीतले होते. स्टीफन्सपासून तेथपर्यंतचा मार्ग हा स्थळ नसलेल्या कथेने स्थळ मिळवण्याचा मार्ग आहे.

ब्रिटनीच्या उदाहरणाने येथे एवढे दाखवून दिले, की संताला संत करणारी गोष्ट त्याच्या चरित्राच्या प्रमाणांत नसून त्याच्याशी बांधल्या गेलेल्या जागेत आणि माणसांत असते. साष्टीच्या पुराणांना अशी जागा मिळाली नाही. पण श्रीरंगपट्टणच्या बंदिवासाची परंपरा विश्वसनीय मानली, तर ज्यांच्याकडून गाव, घर आणि देवालय हिरावले गेले त्यांना काही काळ पुराणानेच आसरा दिला, असे म्हणावे लागते. जुन्या देवांना गावाबाहेर घालवणाऱ्या काळात जन्मलेल्या या ग्रंथाची, गाव गमावलेल्या माणसांना सोबत करण्याची ही क्षमता त्याच्या निर्मात्याच्या हेतूपलीकडची आहे. तिचे मूल्यमापन करण्यासाठी प्रचारग्रंथाचे निकष अपुरे पडतात; त्यासाठी वाङ्मयाचेच निकष लावावे लागतात.